विसर्ग

औलूत दुपारी तीनलाच अंधार.
रायली ताउनोची जुनी स्क्रिप्ट उघडते:
या चलाच्या नावाखालचं सगळं पुसून टाक.
आणि चलात काहीच नसलं तर?
तर मुळापासून,
चाळीस हिवाळ्यांच्या बर्फाची मोजमापंसुद्धा.

नुसतं प्रश्नचिन्ह नसलेल्याला अडवतं.
नाव लावून आलेलं रिकामपण
त्याच्यासमोरून आत जातं.
म्हणून ती आधी दोन ठिपके देते,
दुःखातल्या विसर्गासारखे, उभे,
आणि पुढे लिहिते:
‘कुठलं ते सांग. तोवर मी हात लावणार नाही.’

एकदा मुद्दाम रिकामं चालवून बघते.
थांबतं.

कॉफी. तिचा मग सापडत नाही.
फडताळात ताउनोचा आहे, कान तुटलेला;
तो निवृत्त झाला तेव्हापासून
ज्याचा नसेल त्याच्यासाठी.