वळणावर

सरळ रस्त्यावर तिचं काही म्हणणं नसतं.
नेझबी ते वेडरबर्न सुतासारखी जाते,
तीन लाख बेचाळीस हजार किलोमीटर झालेली सुबारू,
हिरवी, एक दार निळं.
पण पेटीपाशी स्टिअरिंग पूर्ण कापलं
की मागची चाकं अडून बसतात,
गाडी ठेचकाळते,
जमिनीखालून कुणी गुडघा मारतंय असं.

नोलीन गेडिस म्हणते, हाडं आहेत, वाजणारच.
एकोणीस वर्षं ही टपालाची फेरी तिची.
मी बदलीवर शिकाऊ, डावीकडच्या सीटवर,
मांडीवर पत्रं, मेंढ्यांच्या जंतांचं औषध, कुणाचा चष्मा.
काच खाली करून पेट्यांत सारतो.
जून आहे. इथला जून म्हणजे
कुंपणाच्या तारेवर बोटभर हिमाचे काटे.

किल्ली फिरवली की डॅशबोर्डमधली बाई
जपानीत एक वाक्य बोलते,
गाडी जिथून जहाजात चढली तिथलं.
नोलीन रोज उत्तर देते, "हो बाई, उठले."

रॅनफर्लीच्या गॅरेजात इहाका
बॉनेट न उघडताच विचारतो,
यातलं नवं टायर कोणतं?
नोलीन गप्प. मग, मागचं डावं.
फेब्रुवारीत खिंडीत फाटलं, एकच घेतलं.
पैसे काय झाडाला लागतात?

तो खिशातून शिंप्याचा टेप काढतो, आईचा,
कंबर मोजावी तसा चारी टायरांना गुंडाळतो,
आकडे खडूने टायरवरच लिहितो.
नवं तीन सेंटिमीटरनी मोठं.
मग काय झालं, मी विचारतो.
मग, तो म्हणतो, तेवढ्याच वाटेला हे कमी फिरतं.
याला वाटतं रस्ता लहान आहे.
बाकीची तिन्ही म्हणतात, नाही, लांब आहे.
आणि मधे क्लच बिचारा,
दोन्हीकडचं ऐकून ऐकून जळलाय.
डिपस्टिक माझ्या नाकाशी धरतो.
करपलेल्या फोडणीचा वास.

बॉनेटखाली फ्यूजची एक खोबण आहे,
कारखान्यानेच रिकामी सोडलेली.
तिच्यात इहाका एक फ्यूज खोचतो
आणि गाडी मागची दोन चाकं विसरते.
वळवून पाहिली. लोण्यातून सुरी.
निदान झालं, तो म्हणाला, पण अशी सवय लावू नका.
नोलीनला ते मऊपण आवडलं नाही.
"माझा भाऊ असाच बरा झाला होता, गोळ्यांनी."

अलेक्झांड्राच्या भंगारात एक अख्खा दिवस
झिजलेलं टायर शोधलं,
बाकी तिघांइतकंच झिजलेलं, जास्त नाही, कमी नाही.
नवंकोरं गेलं इहाकाच्या फळीवर.
तेल तीनदा बदललं. दर वेळी
मेंढीबाजाराच्या रिकाम्या आवारात आठ काढायचे,
आत दडलेलं जुनं तेल हलावं म्हणून.
मी चालवली. इंग्रजी आठ,
स्वतःलाच कापत निघाल्या जागी आणणारा.
आपला ८ बरा, एकदा वळतो आणि सुटतो.
पहिल्या तेलात दोन ठेचा. दुसऱ्यात अर्धी.
तिसऱ्यात कान देऊन बसलो,
नुसती खडी वाजत होती.

परतताना चेरीच्या छाटणीला आलेली
साप्पोरोची एक मुलगी गाडीत होती, चिनात्सु.
किल्ली फिरली, बाई बोलली, मुलगी हसली.
"ती म्हणतेय, टोलचं कार्ड घातलेलं नाही."
अकरा वर्षं रोज तेच.
या खोऱ्यात टोल कुठला?
पुढचे चाळीस किलोमीटर नोलीन बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे काचेवरचं हिम
तिने जुन्या कॅसेटच्या डबीने खरवडलं.
फ्यूज ॲशट्रेत, केसांच्या पिनांबरोबर.
किल्ली. बाईचं वाक्य.
"हो बाई," नोलीन म्हणाली, "अजून नाही घातलं,"
आणि पहिल्या पेटीकडे
स्टिअरिंग पूर्ण कापलं.