अंडरसाईज

गेट मीटिंगला यावेळी चहा नव्हता.
कॅन्टीन पहिल्याच कलमात गेलंय.

पूर्वी मागण्यांची यादी आम्ही द्यायचो,
झेरॉक्स भुवडच्या खिशातून, पिन वाकडी.
यंदा यादी त्यांनी दिली.
स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक,
आत एकवीस कलमं,
सगळी आमच्याकडून काय काय हवंय त्याची.

खेडची बस बंद.
बुधवारचा बांगडा बंद, बदली अंडं.
रात्रपाळीचा भत्ता निम्मा.
मेडिक्लेममधून आईवडील वगळायचे.
परकार म्हणाला, माझे दोघेही गेले, मला काय फरक पडतोय,
आणि हसला,
आणि कोणीच हसेना म्हणून खाली बसला.
गणपतीची रजा पाचाची दोन.
दीड दिवसाचा गणपती ज्यांच्याकडे, ते बूट बघत राहिले.
गौरीवाले उठून उभे.
सड्यावर केमिकलवाल्यांचा वास बसला होता
आणि दोनशे माणसांत
पहिली चीर कुठे गेली ते मला दिसलं.

मी क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला, चोवीस वर्षं.
मला एवढंच कळतं:
जास्त राहिलेला माल परत मशीनवर चढतो,
कमी झालेला चढत नाही.
वीस मायक्रॉन, केसाचा तिसरा हिस्सा,
तेवढं जादा घासलंत
की लाल पट्टा आणि भंगाराची पेटी.
घासलेलं लोखंड परत चिकटत नाही, साहेब.
म्हणून कोणी ‘थोडंसंच’ म्हणालं
की माझा हात मायक्रोमीटर शोधायला लागतो.

सप्रे साहेब पुण्याहून आले होते.
आवाज गोड, वहाणा महागाच्या.
म्हणाले, विजेच्या गाडीत क्रँकशाफ्टच नसतो.
जरा थांबून, परत: नसतोच.
मग म्हणाले, बरं, वीस कलमं मागे घेतो.
फक्त एकविसावं राहू दे.

एकविसावं कलम दोन ओळींचं.
यापुढे जे कामाला लागतील
त्यांना यातलं काहीही लागू नाही.

तुमचं एक पैसाही जात नाही, ते म्हणाले,
आणि जे आलेच नाहीत त्यांचं काय दुखणार?

जांभ्याच्या गडग्यापलीकडे
ट्रेनी पोरं पाण्याच्या टाकीशी उभी होती,
फिकट निळे शर्ट, गळ्यात दोरीला कार्ड.
त्यात बहिणीचा निनाद.
गेज कसा धरायचा ते त्याला मीच शिकवलंय,
दाबायचा नाही, नुसता टेकवायचा.

भुवड म्हणाला, हात वर करा.
हात वर झाले, आधी सावकाश, मग भराभर.
मोजायला मला उभं केलं होतं.
एकशे अठ्ठेचाळीस.
विरोधात पन्नास, त्यात परकार.
मोजणाऱ्याला हात वर करावा लागत नाही.
हे मी घरी सांगितलं तेव्हा
बायको लसूण सोलत होती, सोलत राहिली.

बस चालू आहे.
परशुराम घाटात अजूनही पुढच्या सीटवर मी झोपतो.
बुधवारी बांगडाही येतो, तिखलं.
निनाद आता कायम झालाय, माझ्याच लाईनला,
जेवायला समोर बसतो, घरचा डबा उघडतो.
त्यांना कुपन नाही.
मी अर्धा बांगडा त्याच्या झाकणात ठेवला.
नको मामा, म्हणाला, रागाने नाही,
आणि काट्यासकट परत माझ्या ताटात सरकवला.

दुपारी मशीनवरून विचारतो,
मामा, अजून किती घासू?