मिलिमीटरमध्ये

वही सापडली सॉनातल्या वरच्या फळीवर,
बर्चच्या वाळक्या डहाळ्यांमागे,
मेणकापडात गुंडाळलेली.
१९६८ पासून जानेवारीचा प्रत्येक पहिला रविवार:
हाउकीलाम्पी तळ्यावरच्या बर्फाची जाडी,
पेन्सिलने.
शाई थंडीत गोठते हे आम्हा भावंडांना
मुळाक्षरांच्या आधीपासून ठाऊक.

१९७४. दोनशे दहा. वारा उत्तरेचा.
१९७९. तीनशे चाळीस. मुलीला नेलं. रडली नाही.

हे खोटं आहे, बाबा.
रडले होते मी. पापण्यांवरच गोठलं
म्हणून दिसलं नसेल.
किंवा दिसलं,
पण मोजता येत नाही ते लिहायचं नाही
हा तुमचा नियम.

कागदाच्या गिरणीत बाबा एकोणतीस वर्षं.
घराहून लांब रूळ धडधडत फिरायचे
आणि इंजिनियर तैस्तो डोळे मिटून उभे,
स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला,
लाकडी मूठ कानाला.
"हे बेअरिंग गुरुवारपर्यंत."
गुरुवारी सकाळी ते जायचं.
पुढे साहेबांनी जर्मनीहून मोजमापाची पेटी मागवली.
तिनेही तेच सांगितलं, शुक्रवारी.

आधी उजवा कान गेला, मग डावा.
जेवायला बोलवायचं तर आई
टेबलावर पळी आपटायची,
तिचा हादरा त्यांच्या कोपरांना कळायचा.
तळ्यावर मात्र सगळं ऐकू येतं म्हणायचे, तळपायांनी.
पातळ बर्फ वरच्या पट्टीत बोलतो,
जाड बर्फ खर्जात.
कडाक्याच्या रात्री या काठापासून त्या काठापर्यंत
एक लांब सूर ओढला जायचा,
आणि ते अंथरुणात उठून बसायचे,
दाराशी कुणी आल्यासारखे.

माझ्या लग्नाला अर्धा तास उशिरा आले.
कोटाच्या बाहीला पर्च माशाचे खवले.
माफी नाही मागितली,
दुसऱ्या दिवशी माशांचं सूप पाठवलं, बादलीभर.
इल्क्का अजून चिडतो त्यावरून.
मी नाही चिडत. सूप चांगलं होतं.

१९८३ च्या पानाशी मी बराच वेळ थांबले.
मी दहा वर्षांची. नव्या स्कीज. पुढे पळालेली.
पाणी आधी गरम लागलं, हे कुणाला पटत नाही.
बाबा धावले नाहीत. पोटावर आडवे झाले,
सरपटत, दोर फेकत,
आयुष्यात एकदाच ओरडले:
"आलीस तिकडेच वळ!
तिथल्या बर्फाने तुला एकदा पेललंय!"

मी वळले.
घरी येईपर्यंत माझे कपडे पत्र्यासारखे वाजत होते.
बाबांनी सॉना पेटवला, काड्या तीनदा विझल्या.
वहीत एवढंच:
नव्वद. कमी.
"कमी"खाली दोन रेघा.
दुसऱ्या रेघेत पेन्सिल कागदाच्या आरपार गेलेली,
१९८४ च्या पानावरही तिचं भोक आहे.

सप्टेंबरात बाबा गेले,
क्रॅनबेरीच्या दलदलीतून परतल्यावर, बूट काढता काढता.
एक बूट पायात होता.

आज पहिला रविवार.
त्यांचं गिरमिट वळचणीला होतं,
पात्याला ग्रीस लावलेलं, वर एप्रिलचा पेपर गुंडाळलेला.
म्हणजे त्यांनी या हिवाळ्याची तयारी
वसंतातच करून ठेवली होती.
गळ्यात दोरीने दोन खिळे अडकवून मी निघाले,
ते अडकवायचे तसे.
मूठ फिरवली. भुसा पडावा तसा बर्फ पडत राहिला,
मग एकदम हात रिकामा झाला
आणि काळं पाणी वर आलं.

पट्टी आत सोडली. आकडा वाचला.
हातमोजा दातांनी काढून लिहिला:
एकशे पासष्ट. वारा नाही.

पुढे काय लिहावं सुचेना.
पलीकडच्या काठाला कुठेतरी बर्फ ताणला गेला,
अजून खर्ज नव्हे.
मग त्यांच्याच शिस्तीला धरून
खाली बारीक अक्षरात नोंदवलं:
पाच मिलिमीटर इकडेतिकडे.
मोजणाऱ्याचा हात हलत होता.