शाफ्टला प्ले आहे

घणसोलीच्या गॅरेजात मढवीकाकांनी
टर्बो उघडून माझ्या तळहातावर ठेवला.
शंखासारखा, पण जड, काजळलेला.
आत चिमुकलं चाक, पात्यांच्या कडा कुरतडलेल्या.
"हलवून बघ बाय, वर-खाली."
हललं.
नखाच्या कडेएवढं.
"हालाला नको व्हता," एवढंच म्हणाले
आणि डबा खायला बसले.

मी गाडी घेतली तेव्हा ती चार वर्षांची होती.
ठाण्याचा एक मुलगा, घोडबंदर रोडचा,
मागच्या काचेवर खरवडलेल्या स्टिकरचा डिंक.
सर्व्हिस बुक दिलं, दुसरी चावी दिली,
डिकीतली छत्रीसुद्धा राहू द्या म्हणाला.
सांगितलं नाही ते एवढंच
की कंपनीनं एक बार दाब दिला होता
आणि त्यानं लॅपटॉप लावून
दीड केला होता.

खोटं कशाला बोलू, मला आवडायचा तो दाब.
लॅबची दुसरी पाळी संपवून पाम बीचवर आले
की दोन हजारांच्या पुढे काटा गेल्यावर
कुणी पाठीवर तळवा ठेवून ढकलावं, तसं व्हायचं.
आठ तास लोकांच्या रक्ताच्या नळ्या
लेबलं वाचत, न सांडता, रांगेत लावलेली बाई मी.
मला वाटायचं,
मी गाडी छान चालवते.

काका हात पुसत आले.
हे चाक मिनिटाला दीड-दोन लाख वेळा फिरतं, म्हणाले.
एका अंगाला इंजिनाचा जळता धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा,
मधे तेलाचा पापुद्रा, केसाहून पातळ.
शाफ्ट त्याच्यावर तरंगतो, कशालाच शिवत नाही.
दाब वाढवला की फेरे वाढले, आच वाढली,
पापुद्रा काय वाढत नाय.
आणि घरी पोचलीस की तू लगेच चावी फिरवतेस.
तेल थांबतं, चाक नाय थांबत.
राहिलेलं तेल जागच्या जागी करपतं,
विसरलेल्या दुधाच्या टोपाच्या बुडासारखं.
"इंजिन एकदम नाय मरत, बाय. दमान मरतं."

मी गप्प.
शिकाऊ पोरींना पहिल्या दिवशी मीच बजावते,
सेंट्रिफ्यूज पुरतं थांबल्याशिवाय
झाकणाला हात लावायचा नाही.
तिथे तर साडेतीन हजारच फेरे.

ठाण्याच्या मुलाला फोन लावला, भांडायला.
"माझ्याकडे असताना काही झालं नव्हतं, ताई."
हे मात्र खरं होतं.

नवा टर्बो, नवं तेल, तेलाचा नवा पाइप,
बिलात निहारची क्लासची फी गेली.
काकांच्या भाच्यानं कंपनीचा हिशोब परत भरला,
स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकत शेवटाला गेली
आणि गाडी साधी झाली.

उरण फाट्याच्या पुलावर सिमेंटचा मिक्सर
आम्हाला मागे टाकून गेला.
"आई, गाडी आजारी आहे?"
नाही रे, बरी झालीय, म्हणाले.
पण उजवा पाय अजून दाबून बघतो,
तळवा येतो का पाठीवर.

रात्री साडेअकरा, नेरुळ, आमचं पार्किंग.
न्यूट्रल, हँडब्रेक, दिवे बंद, इंजिन चालू.
काकांनी अर्धं मिनिट सांगितलंय.
पहिला आठवडा आकडे मोजले.
आता मोजत नाही,
पत्र्याखालची घरघर खाली येताना ऐकते
आणि कधी कधी दोन-तीन मिनिटं जातात.
वॉचमन काचेवर टकटक करतो,
मॅडम, काही प्रॉब्लेम?
मी एक बोट वर करते.
त्याला वाटतं, फोनवर आहे.