खो

फौंड्रीच्या ऑफिसात होते तेव्हा
प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीन चौकोन असायचे.
काढणार, तपासणार, मंजूर करणार.
मी पहिल्या चौकोनात, नऊ वर्षं.

आता मशीन जिन्याखाली,
जिथं सासऱ्यांची सायकल गंजत होती.
वीस वॅट. हप्ते अजून सतरा.
हिरवा चष्मा लावला की धाकटा ओरडतो, बेडूक!

किरण दिसत नाही, हे कुणाला पटत नाही.
गिऱ्हाईक वाकून विचारतं, कुठाय?
लागतो तिथं फक्त पांढरी ठिणगी,
मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज,
मग काळं अक्षर.

आधी दोन लाल ठिपके पाडायचे,
मान वर-खाली करत करत एकावर एक आणायचे.
एक झाले की तिथंच धातू.
स्थळं बघणारी माणसं साधारण हेच करतात,
फक्त त्यांना ठिपके दिसत नाहीत.

मराठीशी मशीनचं जमत नाही.
पहिल्यांदा कीर्ती लिहिलं तर रफार पळाला,
वेलांटी एकटीच उभी, एसटी चुकल्यासारखी.
आता अक्षरांचं चित्र करून देते.
चित्र समजतं त्याला, भाषा नाही.

बुलेटच्या किल्लीवर 'नाद खुळा',
तालमीतल्या पोराच्या कड्यावर वस्तादांचं नाव,
कुत्र्याचा बिल्ला, नाव सरकार, खाली मालकाचा फोन.
पेठेच्या मॅचचा पंच शिट्टी देऊन गेलाय,
म्हणाला, माझं नाव घाला,
लोक शिव्या देतात ते निदान नाव घेऊन देतील.

सोमवारी विजयमालाकाकू आल्या, गंगावेशीतनं, चालत.
कनवटीतनं चुन्याची डबी काढली, पितळेची,
कडा झिजून मऊ झालेली.
टोपणाच्या आतनं नाव पाहिजे.
"विजयमाला ना?"
"न्हाई. मालन. मालन बापू खोराटे."

ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं नवं नाव
त्याच रात्रीच्या भातात शिजलं असणार.
तरी पंचावन्न वर्षं चिकटलं.

"चुन्यानं झाकून जाईल की, काकू."
"जाऊ दे. खोल घाल."

एकेका अक्षराला वीस वीस फेऱ्या.
मालन झालं.
बापू झालं.
ख, काना, मात्रा,
आणि लाईट गेली.

पंखा थांबला. जळक्या पितळेचा वास तेवढा राहिला.
मी म्हटलं, बसता का, वेळ लागंल.
"बसतो की. मला कुठं जायचंय."
अंधारात अंगठा फिरवून बघितला त्यांनी.
"कुठवर आलंय?"
"खो पर्यंत."

आधी काही बोलल्या नाहीत.
मग हसायलाच लागल्या, डबी मांडीवर आपटत.
"शाळंत पळायचो मी. खांब गाठला की कुनाला गावायचो न्हाई.
आन आमच्यात न्येमच हुता,
पाठीवर हात पडंल, तोंडानं खो म्हंतील,
तवाच उठायचं.
सातवीत उठवलं बग मला.
खो न म्हंताच.
फाऊल हाय त्यो."

मला काय बोलावं कळेना.
जिन्यावरनं कुणीतरी उतरलं,
आमच्या डोक्यावर चार पावलं वाजली, गेली.

चाळीस मिनिटांनी लाईट आली.
मी डबी परत मापानं बसवायला घेतली,
ठिपक्यावर ठिपका.
"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, "हितंच बरं हाय."
ऐंशी ठरले होते, चाळीस मोजले.
अर्धं नाव, अर्धं पैसं.
बोटभर चुना मागून घेतला असता तर तोही दिला असता.
"येतो गं."
आणि गेल्या, भर दुपारी, नेहमीपेक्षा जरा भरभर,
किंवा मला तसं वाटलं.

स्क्रीनवर 'राटे' अजून तसंच आहे,
भोवती तुटक रेघांचा चौकोन.
सेव्ह करायचं का, विचारतंय.

शिट्टीवाला दारात उभा आहे.