तीनशे बारा

ऑगस्टात मी बेचाळीस मासे कापले
निळ्या कार्डशीटमधून, दारांवर नावं लावायला.
डुलुथला सरोवर आहे म्हणून मासे.
गेल्या वर्षी पाइनची झाडं होती.
कात्रीनं अंगठ्याला फोड आला
आणि एका माशाची शेपटी तिरकीच राहिली.
तो तीनशे बाराला गेला. मारेन होल्स्टडला.

मोबदला म्हणजे एकटीची खोली, मेसचं जेवण
आणि मजल्याचा एक फोन,
ज्याची रिंग मला आता आंघोळीतही ऐकू येते,
वाजत नसली तरी.
आई शेजारणीला सांगते, पोरीला हॉस्टेलातच नोकरी लागली.
नोकरी कसली, ते मलाही धड सांगता येत नाही.
ड्रायरमध्ये कुणाचे मोजे राहिले,
कुणी कुणाचं दही खाल्लं,
कुणाचा मित्र तीन दिवस झाले तरी हलायचं नाव घेत नाही.
बाथरूममध्ये नळ सोडून कुणी रडत असेल
तर बाहेर थांबायचं, नळ बंद होईस्तोवर,
आणि मग आत्ताच आल्यासारखं
पायांचा आवाज करत आत जायचं.

मारेन सप्टेंबरात सहा वेळा बाहेर अडकली.
ओले केस, हातात ब्रश, "किल्ली आतच राहिली गं."
तिसऱ्या खेपेपासून दहा डॉलर दंड, असा नियम.
वहीत मी दोनच्या पुढे गेले नाही.
माझ्या दारापासून तिच्या दारापर्यंत अठ्ठेचाळीस पावलं,
तेवढ्यात ती बोलून घ्यायची.
वर्दिंग्टनजवळ बाबांचा टर्कींचा फार्म,
एका शेडमध्ये अकरा हजार.
वीज कडाडली की सगळ्या एका कोपऱ्यात धावतात,
एकीवर एक चढतात, खालच्या गुदमरतात.
"मग आम्ही काय करतो, वादळाच्या रात्री
त्यांच्यामधून नुसतं चालत राहतो.
हळू. काहीतरी गुणगुणत.
बाकी काही करायचं नसतं."

चौथ्या वेळी मला दिसलं,
बाहीच्या आत, मनगटाच्या रबरबँडमध्ये
तिची किल्ली होती.
मी मास्टर की फिरवली.
"झोप आता," म्हणाले.

नोव्हेंबरात पहाटे तीनला अलार्म.
कुणीतरी पॉपकॉर्न जाळले होते, दुसरं काय.
बर्फात सगळ्या, कुणी रजईत, कुणी चपलांत,
सायकलस्टँडच्या कोपऱ्यात चिकटून उभ्या.
हातात यादी घेऊन मी मोजत होते.
एकदा एकेचाळीस भरल्या. एकदा त्रेचाळीस.
मोजणी जुळेना, कारण एक जण
जागेवर ठरतच नव्हती,
घोळक्यामधून हळूहळू चालत होती,
तोंडानं काहीतरी पुटपुटत.

त्यानंतर तिची किल्ली कधी आत राहिली नाही.
तीनशे बारातून रात्री पत्त्यांचा आवाज यायचा,
पाच-सहा जणींचं हसणं,
दोनदा तर मलाच जाऊन सांगावं लागलं, जरा हळू.
जीव भांड्यात पडला.
भांडं मात्र जरा रिकामंच वाजलं.

फेब्रुवारीतला शनिवार. मी कचरा टाकायला निघाले
आणि मागे दार लागलं.
वाऱ्यानं लागलं, असं वहीत लिहायचं ठरवलं होतं.
आमच्या कॉरिडॉरमध्ये वारा नसतो.
माझी किल्ली आत, मास्टर की आत,
एका पायात मोजा, दुसऱ्यात नाही.
दोन मजले खाली ऑफिसात जादा किल्ली असते.
मी जिना सोडून सरळ चालत गेले,
पावलं न मोजता.

तिरक्या शेपटीच्या माशाखाली ठोठावलं.
मारेननं दार उघडलं, हातात पत्ते,
मागे गालिच्यावर बसलेल्या मुली गप्प झाल्या.
तिनं आधी माझ्या मनगटाकडे पाहिलं.
"पहिलीच वेळ आहे," ती म्हणाली, "दंड नाही."
पत्ते तिनं पालथे ठेवले, बूट शोधले नाहीत,
तशीच बाहेर आली.

अर्ध्या वाटेवर असू,
तोच माझ्या बंद खोलीत
मजल्याचा फोन वाजायला लागला.
दारापाशी जाऊन दोघी थांबलो, कान देऊन.
थांबला. पुन्हा वाजला.
"कोण असेल?" तिनं विचारलं,
अगदी हळू, आतल्याला ऐकू जाईल अशा भीतीनं.