वगळण्याचे निकष

अनुक्रमांक एकतीस.
वच्छलाबाई दगा बेडसे, वय चौपन्न, राहणार नंदुरबार.
व्यवसायाचा रकाना अरुंद आहे,
मी ‘मजुरी’ लिहितो.
ती वाकून बघते, म्हणते, मिरची लिखा.

गावाबाहेरच्या पथारीवर
फेब्रुवारीपर्यंत लाल अंथरलेलं असतं.
ती तिथे देठं खुडते, तोंडाला पदर बांधून.
बाकीच्या बांधतात तिखटासाठी,
ही वाऱ्यासाठी.
वारा गालाला लागला की
उजव्या जबड्यातून कानापर्यंत ईज पडस, म्हणते,
आणि मग काहीच नाही.
पुढची पडेपर्यंत ती माणसांत असते.

आमच्या अर्जात वेदनेची पट्टी आहे,
शून्य ते दहा, दोन्ही टोकांना चेहरे.
ती हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवते: हाई आते.
मग रडक्यावर: हाई बी आतेच.
सरासरी काढू नये, असं मार्गदर्शिका सांगते.
मी पेन धरून बसतो.

गुरुवारी धुळ्याहून डॉक्टर बागुल येतात, नसांच्या.
कापसाचं टोक ओठाच्या कोपऱ्याला टेकवतात फक्त,
आणि वच्छलाबाईच्या मुठीत
खुर्चीचे दोन्ही हात करकरतात.
एमआरआयच्या काळ्या चौकोनात
एक रक्तवाहिनी, दोऱ्याएवढी,
चेहऱ्याच्या नसेला टेकून,
नाडीच्या दर ठोक्याला तिला घासत.
दात नव्हताच हा, डॉक्टर बागुल म्हणतात,
कोणाला उद्देशून नाही.

पूर्वीचे उपचार:
दात क्रमांक सेहेचाळीस, रूट कॅनाल.
वर्ष? ती मोठ्या पोराच्या लग्नावरून मोजते.
कोणी केला?
ती माझ्याकडे बघते.
मास्क आहे, केस गेले आहेत, तरी बघत राहते.
तुम्हीच ना.

मला ती आठवत नाही. दात आठवतो.
मागची मुळी वाकडी,
पंधरा नंबरची फाइल दोनदा अडली,
तिसऱ्यांदा यंत्र पिपाणीसारखं वाजलं: साडेवीस मिलिमीटर.
भरण टोकाच्या अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबलेलं,
एक्स-रे इतका देखणा
की मी तो वर्गमित्रांना पाठवला होता.
त्याआधी दाताला बर्फ लावला तेव्हा तिने हात हलवला होता.
जिवंत दात असंच करतो.
मी समजलो, हाच दुखतोय.
साडेतीन हजार, तीन हप्ते,
शेवटचा निम्मा सुक्या मिरचीत.
ती आम्ही वर्षभर खाल्ली.

नंतर शेजारच्या दाताचंही तेच, तेही माझ्याच हातून.
मग सुरतेला, लूमवरच्या पोराकडे राहायला गेली
तेव्हा तिथल्या कोणीतरी दोन्ही उपटले.
दात गया, पन दुखनं नही गयं.
तक्रार नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगते.
आणि थोडं थांबून:
देठ खुडा ते तिखट जास का, डाक्टर?

तेव्हा कुठे माझ्या लक्षात येतं,
माझ्या पाठीमागचा पंखा
अर्धा तास तिच्या गालावर वारा घालतो आहे.
मी उठून बटण दाबतो.

अर्जाच्या चौथ्या पानावर, बारीक अक्षरात,
वगळण्याचे निकष. सहावा:
ज्या रुग्णांवर संशोधकाने स्वतः उपचार केले आहेत.
मी एकतीसवर तिरपी रेघ मारतो.
विनाकारण पोखरलेले दात, एकूण: तेवीस.
तिचे दोन यात नाहीत.

मनं नाव काटं का? ती विचारते.
मी नियम सांगतो. ती मान हलवते,
नियम म्हटल्यावर सगळे हलवतात तशी.
गोळ्या वगळलेल्यांनाही मिळतात.
शेजारच्या पोरीकडून पाकीट वाचून घेते
आणि परत आत येते: या ते फिटन्या शेत.
माले फिट येत नही.
मी तिला नस समजावतो, चूक समजावत नाही.

तिसऱ्या गुरुवारी, नंबर नसताना, ती ओट्यावर बसलेली.
फडक्यात भाकरी, वर ठेचा.
उजव्या बाजूने चावत होती,
जिथे दात नाहीत त्या बाजूने,
हळूहळू, माझ्याकडे बघत.
पदर खांद्यावर होता.
बाहेर वारा होता.